कुंपणापलीकडचे वेढे

५ मार्च २०२५, राखेचा बुधवार

कपाळावरची राख अजून पुसलेली नाही आणि मी संतापून लिहायला बसले आहे. उपासकाळाची सुरुवात ही अशी. देवा, तूच बघून घे.

आज मिस्सानंतर पॅरिश कौन्सिलने फादर पास्कलच्या लॅबिरिंथला नकार दिला. जानेवारीतल्या तपसाधनेत फादरांनी तो फळ्यावर काढून दाखवला होता. आधी क्रूस, त्याच्या चार कोपऱ्यांत चार काटकोन, चार ठिपके, मग टोकाला टोक जोडत सात वेढे. आत जायची वाट एकच, त्यामुळे चुकायची सोय नाही. प्रार्थना करत सावकाश मध्यापर्यंत जायचं, थांबायचं, त्याच वाटेने परत यायचं. पूर्वी ज्यांना यरुशलेमला जाणं जमायचं नाही ते असे चर्चच्या फरशीवर चालायचे म्हणे. मला पटलं. बसून रोजरी म्हणताना माझे गुडघे गप्प राहत नाहीत. पी.टी.च्या बाईने बसून प्रार्थना करावी, ही अपेक्षाच चूक आहे.

तर अध्यक्ष म्हणाले, "मैदानात हे काढलं तर लग्नाच्या गाड्या कुठे लावायच्या?"

मी उभी राहिले. "उपासकाळात आपल्याकडे लग्नं कधीपासून लागायला लागली?"

सगळे हसले. अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाले, "टीचर, हा चक्रव्यूह आपल्यात बसत नाही." मी म्हटलं, चक्रव्यूहात गेलेला बाहेर येत नाही, यातून येतो, एवढा फरक कळत नसेल तर कौन्सिलवर बसता कशाला? फादर बिचारे तिशीतले, खाली मान घालून बसले होते. शेवटी मी सांगून टाकलं, "मैदान ठेवा तुमच्या गाड्यांना. मी माझ्या वाडीत आखते. बघू कोण अडवतो!"

बाहेर रोझमेरी थांबली होती, माझ्या धाकट्या भावाची, रुडॉल्फची बायको. रुडॉल्फ आणि मी अकरा वर्षं बोललेलो नाही, पण ती बोलते. म्हणाली, "टीचर, आमची तिकिटं आली. बावीस एप्रिल. शॉनकडे कॅनडाला, कायमचं."

शॉन त्यांचा मुलगा. मी म्हटलं, बरं.

ती वाटेत आडवी आली. मग म्हणाली, "तोपर्यंत तुम्ही दोघं एकदा..."

"त्याला तोंड आहे ना?" मी म्हटलं आणि निघाले.

७ मार्च

झालं. माझा एकटीचा हात, एक खुंटी, सुतळी, आणि चुन्याच्या फक्कीचा डबा. बत्तीस वर्षं शाळेची मैदानं आखली त्या बाईला सात वेढे आखायला किती वेळ लागणार? सकाळी सातला सुरू केलं, अकराला शेवटची रेष.

मध्य धरला आईच्या दगडावर. ज्या दगडावर बसून आई संध्याकाळी मोगऱ्याच्या वेण्या करायची तोच. तो हलवायला चार माणसं लागतील, म्हणून मी खुंटी तिथेच ठोकली. बाहेरच्या वेढ्याची त्रिज्या पंचवीस फूट. दगडापासून रुडॉल्फच्या हद्दीपर्यंत पंधरा. म्हणजे बाहेरचे तीन वेढे दहा फूट त्याच्या जमिनीत जातात. आता आकृतीच तशी आहे, त्याला मी काय करणार! मध्ये झावळ्यांचं कुंपण होतं, अकरा वर्षांपूर्वी मीच घातलेलं आणि दरवर्षी मीच डागडुजी केलेलं. आखणीच्या आड येत होतं म्हणून तेवढा तुकडा उपटला. कुजलेलंच होतं.

रोझमेरी पलीकडून बघत होती. म्हणाली, "टीचर, पूर्वेला एवढी मोकळी जागा पडलीय, तिथे नसतं का बसलं?"

"तिथे उतार आहे."

तिने पूर्वेकडे पाहिलं. 

८ मार्च

पहिल्यांदा चालले. गंमत अशी की आत शिरलं की आधी हे बाहेरचे तीन वेढेच लागतात. म्हणजे देवाकडे जायचं तर पहिल्यांदा तीनदा रुडॉल्फच्या जमिनीवरून. मग वाट एकदम आत घेते, दगड अगदी हाताशी येतो, आणि वाटतं पोचलो, तर पुन्हा बाहेर ढकलते. मग कुठे मध्य.

आत चार मिनिटं दहा सेकंद, बाहेर तीन छप्पन्न. संध्याकाळी फादरांना सांगितलं तर ते हसून हसून बेजार. "टीचर, स्टॉपवॉच घरी ठेवा. ही शर्यत नाही." प्रार्थना काय झाली ते त्यांनी विचारलं नाही, बरं झालं. काहीच झाली नव्हती.

१२ मार्च

अपेक्षेप्रमाणे निरोप आला. रोझमेरीकडून, अर्थात. "हे म्हणतात, तुमची फक्की आमच्या बाजूची पुसून टाका. जमीन त्यांची आहे."

मी म्हटलं, "त्याला सांग, बावीस एप्रिलला तो चाललाय कॅनडाला. दहा फूट जमीन बॅगेत घालून नेणार आहे का?"

ती जाऊन सांगून आली. पुन्हा निरोप: "ते म्हणतात, आधी विचारायला हवं होतं."

"मी थोरली आहे. मी विचारत नसते, सांगत असते."

तिसऱ्यांदा ती आली नाही. मी संध्याकाळी मुद्दाम दोन फेऱ्या मारल्या, त्याच्या बाजूला जरा जास्तच सावकाश. तो पडवीत खुर्चीवर बसला होता. माडावरून पडल्यापासून त्याचा डावा पाय धड नाही. उठला नाही, ओरडला नाही. पेपर वाचत होता. संध्याकाळी साडेसहाला कोण पेपर वाचतं?

१६ मार्च

राजोडीच्या किनाऱ्याकडून दोन दिवस वारा सुटलाय. अर्धी फक्की उडाली. पुन्हा आखली. पुन्हा उडाली. मी वाऱ्याला म्हटलं, तू पण कौन्सिलवर आहेस का?

सकाळी कृष्णाबाई आली, माझ्या वाडीतली केळीची पानं नि मोगरा बाजारात नेते ती. डोक्यावरची पाटी उतरवून बघत राहिली. "बाय, ह्यो काय काढलाय? वेढेच वेढे."

मी समजावलं. ती म्हणाली, "मंजे परदक्षिना."

"नाही गं, प्रदक्षिणेत देवाभोवती फिरतात. यात आत जातात."

"आत गेल्यावर काय हाय?"

"आईचा दगड."

"मंग झालं की," म्हणाली, आणि चपला काढून सरळ चालायला लागली. अर्धा तास लागला तिला. मध्ये दगडावर बसली, पदराने डोळे पुसले, परत आली, तांब्याभर पाणी मागितलं नि पाटी उचलून गेली. काय झालं विचारायचं धाडस मला झालं नाही. मी वीस फेऱ्या मारल्यात. माझ्या डोळ्यांत फक्त फक्की गेलीय.

तेव्हापासून मीही याला वेढेच म्हणते.

२३ मार्च, रविवार

आज चमत्कार. मिस्साहून आले तर त्याच्या बाजूच्या तिन्ही वेढ्यांवर फक्कीच्या जागी सोललेल्या नारळाची सोडणं लावलेली! शेकडो सोडणं, पालथी घालून, एकाला एक चिकटून, आणि वळणावर केळीच्या खोडाच्या सोपटाने बांधलेली. वाऱ्याच्या बापाला हलणार नाहीत.

रोझमेरीचंच काम. पहिल्या मिस्साला ती दिसलीच नव्हती. बिचारी किती वेळ खपली असेल. सोपटाला मारलेली गाठ मात्र आमच्या बाबांची, दुहेरी पीळ देऊन आत खोचायची. ही गाठ त्यांनी फक्त आम्हा दोघांना शिकवली होती. रुडॉल्फने तिला शिकवली असणार.

पण सगळ्यात बाहेरची रेष वाकडी आहे. उत्तरेला चक्क पोट सुटलंय. माझ्या डोळ्यांना सहन होत नाही. सुतळी लावून सरळ करायला गेले, तर पडवीतून खाकरल्याचा मोठ्ठा आवाज आला. मी वर पाहिलं. पेपर. मग म्हटलं राहू दे, रोझमेरीचं मन मोडायला नको.

माझ्या बाजूला मीही सोडणं लावली. माझी सरळ आहेत.

३० मार्च

आज चालताना प्रार्थना झाली असं म्हणता येणार नाही, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. लिहून टाकते. ही वही कोणी वाचणार नाही.

डिसेंबर २०१३. तालुक्याच्या क्रीडास्पर्धा, दुसऱ्या शाळेच्या मैदानावर. माझ्या मुली पहिल्यांदाच रिलेच्या फायनलला गेल्या होत्या. माझा फोन पर्समध्ये, पर्स कुठेतरी. दुपारी आमचा क्लार्क देवेंद्र मोटरसायकलवरून आला नि माझ्या हातात चिठ्ठी दिली. रेस पंधरा मिनिटांवर होती. मी चिठ्ठी ट्रॅकसूटच्या खिशात टाकली, वाचली नाही. मुली जिंकल्या. ढाल घेतली, फोटो झाले. घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती.

दारात भरल्या लोकांत मी रुडॉल्फवर ओरडले, "फोन तरी करायचास! मला कळवावंसं वाटलं नाही तुला?" तो माझ्याकडे बघत राहिला.  त्यानंतर बोललाच नाही.

त्याने शाळेत फोन केला होता, हे मला माहीत होतं. चिठ्ठी त्याच फोनची होती. पण एकदा सगळ्यांसमोर बोलून गेले, मग मागे कसं घ्यायचं? न वाचलेल्या चिठ्ठीचा दोष मला किती लावायचा?

३१ मार्च

काल खोटं लिहिलं. स्वतःच्या वहीत खोटं लिहिणारी बाई मी पहिलीच असेन.

चिठ्ठी मी वाचली होती. "आई अत्यवस्थ. ताबडतोब निघा." वाचली, घडी केली, खिशात टाकली आणि मुलींना वॉर्मअपला पाठवलं. मला वाटलं, पंधरा मिनिटांनी काय होतंय. मग बक्षीस समारंभ म्हणजे अजून अर्धा तास. आई तोवर माझं नाव घेत होती, असं रोझमेरीने नंतर सांगितलं.

लिहिलं.  बस्स.

६ एप्रिल

पापनिवेदनाला गेले. फादरांना सगळं सांगितलं. म्हणाले, "भावाला सांगा."

मी म्हटलं, "देवाला सांगितलं ना? पुरे."

"देवाला आधीच माहीत होतं, टीचर. त्याला सांगण्यात तुमचं काय गेलं?"

मला राग आला. काल सेमिनरीतून आलेला मुलगा मला शिकवतो! तरातरा घरी आले, वेढ्यांत शिरले. तिसऱ्या वेढ्यात, त्याच्या पडवीच्या अगदी समोर, पाय थांबले. तो बसला होता. वीस पावलांवर. नुसतं "रुडॉल्फ" म्हणायचं होतं. नाही म्हटलं. 

मी का म्हणून आधी बोलू? मी थोरली आहे. (हे कारण आता मलाच पटेनासं झालंय, पण दुसरं सापडत नाही.)

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

रोझमेरीच्या दारात बॅगा दिसायला लागल्या. त्यांची वाडी कृष्णाबाईच्या घरचे कसणार. मी रोझमेरीचे सोडणांबद्दल आभार मानले. ती म्हणाली, "कसली सोडणं? मी त्या दिवशी माहेरी गेले होते, आई आजारी म्हणून."

आता ही बाई लाजून खोटं बोलते, की काय? सोडणं काय देवदूतांनी लावली?

१८ एप्रिल, शुभ शुक्रवार

चर्चमधली क्रुसाची वाट आटोपून पन्नासएक माणसं माझ्या वाडीत आली. कोणी बोलावलं नव्हतं. अनवाणी, एकामागे एक, गप्प. दोन तास वेढे रिकामे झाले नाहीत. अध्यक्षही आले, चपला हातात घेऊन. मी त्यांना काही म्हटलं नाही, फक्त गाडी कुठे लावली ते विचारलं.

सगळे गेल्यावर मी एकटीच उभी होते. चार दिवस उरलेत. रुडॉल्फ पडवीत नव्हता. पहिल्यांदाच ती खुर्ची रिकामी दिसली. असंच दिसणार आहे इथून पुढे. तो कॅनडात मरेल, मी इथे, आणि तो खोटा आरोप तसाच त्याच्या डोक्यावर. उद्या सांगणार. सांगितलं नाही तर नावाची मटिल्डा नाही.

१९ एप्रिल, पवित्र शनिवार

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी सहा वाजता आत शिरले. मध्यावर पोचून आईच्या दगडावर बसले. वर पाहिलं तर रुडॉल्फ माझ्या वाडीच्या तोंडाशी, वेढ्यांच्या दारात. अनवाणी. डावा पाय ओढत आत शिरला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मला कळेना, बसून राहावं की उठावं. दगडावर वाट बघत बसणं म्हणजे राणीसारखं दरबार भरवणं. उठले, परत फिरले. वाट एकच. तो आत येतोय, मी बाहेर जातेय. कुठेतरी समोरासमोर येणारच. सोडणं ओलांडून पळून जाता आलं असतं, पण रेष ओलांडायची नाही, हा नियम मीच पन्नास लोकांना कडक आवाजात सांगितला होता.

सर्वांत बाहेरच्या वेढ्यात गाठ पडली, त्याच्या जमिनीवर, उत्तरेला, जिथे रेषेला पोट सुटलंय. वाट तीन फुटांची. दोघेही थांबलो. तो बाजूला होईना, मीही होईना.

मी म्हटलं, "चिठ्ठी मला मिळाली होती."

त्याने दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला.

"मी वाचली होती, रुडॉल्फ. तू फोन केला होतास. मी रेससाठी थांबले. आणि दारात सगळ्यांसमोर तुला..." पुढचं आलंच नाही. रडायला आलं. गाऊनच्या बाहीने नाक पुसलं, मुलांना जे कधी करू देत नसे ते.

तो घरच्या बोलीत बोलला. मला ती शाळेच्या मराठीत लिहावी लागतेय. म्हणाला, "माहीत आहे, बाय. देवेंद्रने मला आईच्या सातव्या दिवशीच सांगितलं. वाचून घडी केलीस आणि खिशात ठेवलीस, इथपर्यंत."

मला दोन क्षण कळलंच नाही. मग जे कळलं त्याने डोकंच फिरलं.

"सातव्या दिवशी? अकरा वर्षं तुला माहीत आहे? आणि तू गप्प बसलास?"

"तू कधी सांगतेस, ते बघत होतो."

"अरे मूर्खा! एकदा माझ्या दारात येऊन तोंडावर म्हणायचं नाहीस? खोटारडी म्हणायचं, थोबाडीत मारायची! अकरा वर्षं पेपर वाचत बसलास?"

"तुझ्यावर ओरडलो असतो तर तू कधीच सांगितलं नसतंस. तुला मी ओळखतो."

"ओळखतोस डोंबलाचं!"

"कुंपण कोणी घातलं?"

"उपटलं कोणी?"

"आधी विचारायला हवं होतंस!"

"सोडणं काय मला विचारून लावलीस?"

आम्ही असे ओरडत होतो की रोझमेरी उलथणं हातात घेऊन धावत आली. पवित्र शनिवारी, सकाळी साडेसहाला, ज्या दिवशी सगळी पॅरिश मौन पाळते. मग तो एकदम म्हणाला, "शेवटी आई तुझं नाव घेत होती. मी तिला सांगितलं, मुली पळतायत, जिंकून येतेय. तर हसली." 

त्याला पुढे जायचं होतं, मला बाहेर. रेषेवर पाय पडू नये म्हणून त्याने माझा दंड घट्ट धरला, मी त्याचा खांदा धरला, आणि आम्ही दोघे म्हातारे आडवे होऊन एकमेकांना घासत पार झालो. त्याच्या अंगाला बाबांसारखाच नारळाच्या काथ्याचा वास येतो. मी विसरले होते.

मी बाहेर येऊन थांबले. तो दगडावर बराच वेळ बसला. मी घड्याळ लावलं नाही.

२० एप्रिल, ईस्टर

तो माझ्या टेबलावर जेवला. डुकराच्या मटणाला मीठ कमी आहे म्हणाला. नव्हतं कमी.

अध्यक्ष भेटले. पुढच्या वर्षी चर्चच्या मैदानात आखाल का, म्हणून विचारत होते. मी म्हटलं, लेखी अर्ज द्या, विचार करीन.

२२ एप्रिल

गेले. मी विमानतळावर गेले नाही, मला असलं रडणं जमत नाही. फाटकापर्यंत गेले. गाडीत बसताना तो म्हणाला, "बाहेरच्या रेषेला हात लावायचा नाही. मी लावलीय ती."

"वाकडी आहे."

"माझ्या जमिनीवर आहे."

गाडी वळेपर्यंत मी उभी राहिले. कुंपणाचा उरलेला भाग दुपारी उपटून टाकला, आता दुसरं काम नव्हतं.

२५ एप्रिल

सकाळी खुंटी, सुतळी आणि टेप घेऊन बाहेरच्या वेढ्यावर गेले. बत्तीस वर्षांत मी अशी रेष कोणाच्या बापाची खपवून घेतलेली नाही. उकिडवी बसले, सुतळी ताणली.

कृष्णाबाई पाटी घेऊन आली. "काय करता, बाय? सरळ करता?"

"नाही गं. मोजतेय."

उत्तरेला नऊ इंच बाहेर, मग पाच, मग साडेसात. सगळं इथे लिहून ठेवते. पावसात सोडणं वाहून गेली तर जशी होती तशीच, नेमकी तेवढीच वाकडी परत लावता आली पाहिजे.